आठवणींचं पेव: दुनिया मनाने रचावी की कृष्णाकाठ घ्यावा?

अद्भुत कादंबरीची एक कल्पना घेऊ. एका गावात माणसं आपल्या आठवणी पेवात, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यात, ठेवतात आणि अडीनडीला काढतात. कल्पना ऐकताच वाचक सरसावून बसतो, पण दहाव्या पानापासून त्याला प्रश्न पडू लागतात. पेव कोणाच्या मालकीचं? भाडं काय? दुसऱ्याची आठवण हाती आली तर? उत्तरं नसली की जादू सोयीपुरती उरते, म्हणजे नायक अडला की नेमकी हवी ती आठवण सापडते. असं हस्तलिखित हातात असेल तर दोन वाटा आहेत. अख्खी दुनिया मनाने रचायची, किंवा सातारा-सांगलीची खरी जमीन घेऊन तिच्यात ही एकच अद्भुत गोष्ट पेरायची.

मनाने रचलेल्या दुनियेत मोकळीक भरपूर, पण हिशोब सगळा तुमच्या अंगावर. राजधानीत वीस हजार माणसं ठेवलीत, तर माणशी अर्धा किलो धरून रोज दहा टन धान्य लागतं. बैलगाडीला टनभर धरलं तर रोज दहा गाड्या. कोठार तीस किलोमीटरवर असेल तर जायला दोन दिवस, यायला दोन. म्हणजे वाटेवर कायम चाळीस गाड्या, ऐंशी बैल, त्यांचा चारा, पाणी, मुक्काम. यातलं फारसं काही कादंबरीत येणार नाही. पण हे ठाऊक असलं की वेढ्यात शहर कधी उपाशी पडेल ते आपोआप निघतं, सोयीनं ठरवावं लागत नाही. बहुतेक कच्च्या कादंबऱ्या इथंच फसतात. नकाशा, वंशावळ, देवांची नावं सगळं तयार असतं. सकाळी माणसं काय खातात याचा पत्ता नसतो.

खऱ्या जमिनीवर हे आयतं मिळतं. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. पाणी कोणाकडे आणि मेंढरं घेऊन कोणाला गाव सोडावं लागतं, हा संघर्ष तिथं आधीच आहे.

आणि पेव तर सांगलीला लागूनच आहे. हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, हळद साठवायची पेवं आहेत. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत पोट ऐसपैस. तोंड बंद करून वर माती लोटली की आत हवा खेळत नाही, म्हणून कीड लागत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. त्याच कारणानं, पेव उघडल्याबरोबर आत उतरलेला माणूस गुदमरून मरू शकतो. तोंड उघडून थांबायचं, मग कंदील सोडायचा. विझला तर उतरायचं नाही.

हा नियम तसाच्या तसा आठवणींना लावून पाहा. निवाडा संध्याकाळी आहे, साक्षीची आठवण पेवात आहे आणि कंदील विझतोय. प्रसंग उभा राहिला, आणि त्यासाठी एकही नवा मंत्र लागला नाही. 2005च्या महापुरात हरिपूरच्या पेवांचं मोठं नुकसान झालं. पाणी शिरलं की आठवणी सडतात की एकमेकींत मिसळतात, एवढं ठरवलंत की उत्तरार्धाचा कणा मिळाला. अडत्या, हमाल, तोलाई, पावती ही माणसं आणि कामं हळदीच्या बाजारात आहेतच. आठवण कोण तोलतं आणि हरवलेल्या पावतीवर कोण मेहरबानी करतं, हे तिथूनच सुचेल.

या वाटेचे धोके वेगळे. श्रावणात शाळूची काढणी दाखवलीत, किंवा माणदेशात कृष्णेचा पूर आणलात, की इथला वाचक पुस्तक मिटतो. खऱ्या गावाचं दैवत किंवा खरं घराणं जादूत गुंतवलंत तर तक्रार रास्तच असेल. सगळ्यात अवघड प्रश्न इतिहासाचा. 1708 साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला. तेव्हा पेवात आठवणी ठेवता येत असत्या तर दरबारानं हेर, वकील, कारकून सगळ्यांना तिथं उतरवलं असतं, आणि पुढचा इतिहास आहे तसा उरला नसता. म्हणून जादू लहान ठेवा: एकच गाव, थोडी पेवं आणि किंमत जबर. उदाहरणार्थ, ठेवलेली आठवण परत घेताना दुसरी एक कायमची द्यावी लागते.

पहिलीच कादंबरी असेल आणि कल्पनेला पाऊस, पीक, नदी आहे तशी चालत असेल, तर आम्ही खरी जमीन सुचवू. फक्त गावाचं नाव नवं द्या. नदीचा उतार, पिकांचं वेळापत्रक, चालायची अंतरं खरी राहू द्या, म्हणजे गावकऱ्यांचा अवमान होत नाही आणि तपशीलही सुटत नाही. मनाने रचलेली दुनिया तेव्हाच घ्या, जेव्हा कल्पनाच इथला निसर्ग मोडते: सहा महिन्यांची रात्र, वर चढणारी नदी, मेलेली माणसं शेत कसतात असा मुलूख. तिथं कृष्णाकाठ पुरणार नाही. मग धान्याच्या गाड्यांपासून सुरुवात करा आणि वंशावळ शेवटी लिहा.