विस्तारवाल्यांचं निवासी ट्रेनिंग: फील्डसाठी जा, पीपीटीसाठी नको

केव्हीकेत (कृषी विज्ञान केंद्रात), कृषी विद्यापीठाच्या विस्तार केंद्रात (विस्तार म्हणजे शेतीचं ज्ञान शेतकऱ्यापर्यंत पोचवणं) किंवा विस्तार शिक्षण संचालनालयात नोकरी करणाऱ्यांना एक पत्र हमखास येतं, अमुक विषयावर निवासी प्रशिक्षण आहे, नामनिर्देशन पाठवा, आणि ते पत्र चार टेबलं फिरून आपल्या हातात पडतं तेव्हा शेवटची तारीख तोंडावर आलेली असते. मग ज्याच्याकडे त्या आठवड्यात मेळावा नाही तो जातो. यंदा मी गेले. मी पीक संरक्षणाची विषय विशेषज्ञ, आणि कोर्स होता विस्तार कर्मचाऱ्यांच्या कौशल्य विकासाचा, आठवडाभराचा. संस्था आपल्याच राज्यातली, नाव मुद्दाम लिहीत नाही, बॅचमधले ओळखतीलच.

आधी पीपीटीचा भाग उरकते. पहिला दिवस पूर्ण इतिहासात गेला. 1948 चा ग्रामविकासाचा इटावा प्रकल्प, 2 ऑक्टोबर 1952 ला सुरू झालेला सामूहिक विकास कार्यक्रम, मग सत्तरच्या दशकातली वर्ल्ड बँकवाली प्रशिक्षण व भेट योजना, 1974 ला पुदुच्चेरीत निघालेलं देशातलं पहिलं केव्हीके, मग आत्मा (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा). विस्तार शिक्षणात एमएस्सी केलेल्यांना हे तोंडपाठ, ते मागच्या रांगेत बसून आपापले प्रगती अहवाल भरत होते. पण खरं सांगायचं तर माझ्यासारख्या कीटकशास्त्र, उद्यानविद्या, मृदाशास्त्रातून आलेल्यांना हे कुणी कधी शिकवलेलंच नसतं, आपल्याला थेट एफएलडीचं, म्हणजे शेतकऱ्याच्या शेतावरच्या आद्यरेषा प्रात्यक्षिकांचं, टार्गेट हातात देतात. प्रशिक्षण व भेट योजनेत गावपातळीवरच्या विस्तार कार्यकर्त्याने ठरलेल्या दिवशी ठरलेल्या शेतकऱ्यांकडे पंधरवड्याला एकदा जायचं, दर पंधरवड्याला त्याचंही ट्रेनिंग व्हायचं, ही जुनी पद्धत किती शिस्तीची होती आणि पुढे पैसा आटल्यावर ती का टिकली नाही, हे ऐकताना मला तरी कंटाळा आला नाही. फक्त दीड तासात होणारी गोष्ट दिवसभर ताणली.

सगळ्यात हसू आलं ते पीआरएच्या सेशनला. सहभागी ग्रामीण मूल्यावलोकन, म्हणजे गावात जाऊन लोकांकडूनच गावाचा नकाशा काढून घ्यायचा, हंगामाचं कॅलेंडर मांडायचं, चिंचोके ठेवून कुठली अडचण मोठी ते ठरवायचं. आणि हे आम्ही केलं कुठे, तर एसी हॉलमध्ये, फरशीवर, सगळे पीएचडी झालेले लोक शेतकरी बनून. एकजण "पाणी नाय हो साहेब" म्हणत रांगोळीने विहीर काढतोय, दुसरा त्याचा फोटो काढतोय कारण अहवालाला जिओटॅग फोटो लागतो. गाव गाडीने वीस मिनिटांवर होतं! खऱ्या गावात हा नकाशा काढायला घेतला की पुरुष आधी देऊळ, रस्ता, ग्रामपंचायत काढतात आणि बायकांना वेगळं बसवलं तर पाण्याची जागा, सरपणाची वाट, अंगणवाडी अशा गोष्टी आधी येतात, तो फरक बघण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप असतो ना. हॉलमध्ये तो दिसणार कसा.

बरं, आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला घेतलं ते. चौथ्या दिवशी गावात नेलं, आणि प्रत्येकाने दहा मिनिटांत एक कृती प्रात्यक्षिक करून दाखवायचं, समोर खरे शेतकरी, आणि मोबाईलवर त्याचं शूटिंग. आमच्या गटाला सोयाबीनची बीजप्रक्रिया आली. आमच्यातले एक सर, विषयात एकदम पक्के, त्यांनी रायझोबियम जिवाणूंची शास्त्रीय माहिती, नत्र स्थिरीकरण, 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम संवर्धक, आधी बुरशीनाशक आणि जिवाणू शेवटी, सगळं बरोबर सांगितलं, आणि हाताने बियाणं घमेल्यात खसाखसा चोळायला लागले. पुढे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "अवं सायेब, हळू, टरफल निघतंय की." आणि लगेच दुसरा प्रश्न, "आणि हे वाळवायचं उन्हात का सावलीत?" सावलीत वाळवायचं, आणि लगेच पेरायचं, हे दहा मिनिटांत आलंच नव्हतं. सोयाबीनचं टरफल नाजूक, गुळाच्या पाण्याने ओलं झाल्यावर तर आणखीनच, जोरात चोळलं की उगवण गेली. म्हणजे माहिती शंभर टक्के आणि कृती धोक्याची.

संध्याकाळी तो व्हिडिओ सगळ्यांसमोर लावला. ट्रेनर बाईंनी एक चांगलं केलं, स्वतः काहीच बोलल्या नाहीत, फक्त विचारलं की या दहा मिनिटांत शेतकऱ्याचा हात बियाण्याला किती वेळा लागला. एकदाही नाही. कृती प्रात्यक्षिकाचं पहिलं तत्त्व आपण सगळे परीक्षेत लिहून आलोय की करून दाखवा आणि मग त्याच्याकडून करून घ्या, पण मेळाव्यात माईक हातात आला की आपलं भाषणच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गावात परत नेलं, तेच प्रात्यक्षिक परत. या वेळी सरांनी घमेलं आजींच्या पुढ्यात ठेवलं आणि स्वतः बाजूला बसले. बाजूलाच गोणपाटावर शंभर दाणे मांडून उगवण चाचणी लावायला एका पोराला बसवलं, सत्तर उगवले तर नेहमीचं बियाणं, कमी उगवले तर बियाणं वाढवायचं, एवढंच त्याला सांगितलं, आणि तोच पोरगा नंतर बाकीच्यांना समजावत होता. सलग दोन दिवस तीच गोष्ट दोनदा करायला लावणं, हे मी आजवर कुठल्याच ट्रेनिंगमध्ये बघितलं नव्हतं. या एका गोष्टीसाठी मी कोर्सला पाचपैकी साडेतीन देते, नाहीतर दोनच्या वर गेले नसते.

मोबाईल व्हिडिओचं सेशनही कामाचं होतं, फार नाही पण दोन गोष्टी लक्षात राहिल्या. आपले सगळ्यांचे व्हिडिओ "नमस्कार शेतकरी बंधूंनो, मी अमुक, विषय विशेषज्ञ, अमुक केंद्र" इथून सुरू होतात आणि तेवढ्यात बघणारा पुढे सरकवतो. आधी कपाशीची डोमकळी, म्हणजे अळीमुळे पाकळ्या मिटून राहिलेलं फूल, दाखवा, हातात धरून उघडा, आतली गुलाबी बोंडअळी दिसू द्या, मग स्वतःचं नाव सांगा. कामगंध सापळ्यात (नर पतंगांना वासाने ओढणाऱ्या) सलग तीन रात्री सरासरी आठ पतंग म्हणजे फवारणीची वेळ, हा आकडा बोलून सोडायचा नाही, सापळा उपडा करून मोजून दाखवायचा. आणि वाऱ्यात कॉलर माईकला स्पंज लावा. शेतकरी भगिनी आपल्या नमस्कारात कुठे असतात हा प्रश्न मी विचारला, त्यावर हॉलमध्ये नुसतं हसू झालं, असो.

मूल्यमापनावर एका सरांनी छान लेक्चर घेतलं, डोनाल्ड कर्कपॅट्रिकच्या 1959 पासूनच्या चार पातळ्या, म्हणजे आवडलं का, शिकला का, वागण्यात फरक पडला का, आणि शेवटी निकाल दिसला का. नुसती पहिली पातळी मोजून थांबू नका असं त्यांनी दोनदा बजावलं. समारोपाला आम्हाला जो फीडबॅक फॉर्म दिला त्यात प्रश्न काय, तर हॉल कसा होता, जेवण कसं होतं, वक्ते कसे होते. घरी गेल्यावर सहा महिन्यांनी काय बदललं हे विचारायला अजून कुणाचा फोन नाही. व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यावर सध्या सुप्रभात आणि वाढदिवस चालू आहेत.

राहण्याचं म्हणाल तर खोल्या स्वच्छ, दोघांत एक. महिलांचा मजला वेगळा आणि रात्री वॉचमन, हे महत्त्वाचं, कारण बऱ्याच ठिकाणी हे आधी कुणी सांगतच नाही आणि मग बायका नामनिर्देशनालाच नाही म्हणतात. जेवण मेसचं जसं असतं तसं. प्रवास भत्ता आपल्याच कार्यालयाने द्यायचा असतो, तो मिळेल तेव्हा मिळेल.

वेळेचं मात्र कुणीतरी मनावर घ्यायला पाहिजे. मे महिन्यात कोर्स ठेवला तर बीजप्रक्रियेचा सराव होतो हे खरं, पण त्याच वेळी खरीपपूर्व मेळावे, एफएलडीच्या निविष्ठा (बियाणं, खतं वगैरे), शेतकरी निवड सगळं अंगावर असतं, अर्धी बॅच दुपारी फोनवर होती.

ज्यांना निघताच येत नाही त्यांच्यासाठी हैदराबादच्या मॅनेज या राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेचा कृषी विस्तार व्यवस्थापनाचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, दूरशिक्षणाने, 2007 पासून चालू आहे, आमच्या एका सहकाऱ्याने केलाय आणि त्याचं वाचन आपल्या या आठवड्यापेक्षा कितीतरी पक्कं झालं. पण हाताला सवय लागायची तर ती तिथून लागणार नाही. आणि पदोन्नतीच्या कॅससाठी (करिअर अॅडव्हान्समेंट स्कीम) जाणार असाल तर आधी आस्थापनेत विचारून घ्या, तिथे 21 दिवसांचं समर-विंटर स्कूल धरतात, आठवड्याचा कोर्स किती धरतील ते त्यांच्याकडूनच लेखी घ्या.

तर जाणार असाल तर पत्राला उत्तर देण्याआधी वेळापत्रक मागवा आणि त्यात गावात किती सेशन आहेत तेवढंच बघा. "क्षेत्र भेट" असं एका ओळीत लिहिलेलं असेल तर फोन करून विचारा की भेट म्हणजे बसमधून उतरून प्रगतिशील शेतकऱ्याचं शेडनेट बघून चहा पिणं, की आम्ही काही करायचंय. पहिलं उत्तर आलं तर त्या आठवड्यात आपल्या तालुक्यातले दोन शिवार फेरफटके जास्त कामाचे.