भूसुरुंगग्रस्त देशातील पाहणी: गावांवरचा परिणाम मोजावा की जमिनीची हद्द आखावी?

भूसुरुंगग्रस्त देशात कामाला निधी द्यायचा असो वा काम आखायचे असो, पहिला निर्णय पाहणीच्या पद्धतीचा असतो. गावागावांतून माहिती घेऊन सुरुंगांचा जनजीवनावरील परिणाम मोजणे, ही एक पद्धत. तिला परिणाम-सर्वेक्षण म्हणतात. ठोस पुरावे तपासून धोक्याच्या जमिनीची हद्द आखणे, ही दुसरी. तिला बेसलाइन सर्व्हे म्हणतात. कंबोडियात दोन्ही प्रकारच्या राष्ट्रीय पाहण्या झाल्या असल्यामुळे तुलनेसाठी त्या देशाचा अनुभव सर्वांत उपयुक्त ठरतो.

तेथील पहिली, म्हणजे परिणाम मोजणारी पाहणी २००० ते २००२ या काळात झाली. तिच्यात ६,४२२ गावे, म्हणजे देशातील सुमारे ४६ टक्के गावे, बाधित असल्याचे आणि ४,४६६ चौरस किलोमीटर जमीन संशयित असल्याचे नोंदले गेले. अशा पाहणीत गावप्रमुख, माजी सैनिक, शेतकरी यांना एकत्र बसवून मोठ्या कागदावर गावाचा नकाशा काढला जातो, पाणवठे, वाटा, शेते दाखवली जातात आणि लोक जिथे जायला घाबरतात त्या भागाभोवती रेघ ओढली जाते. भीतीची रेघ साहजिकच ऐसपैस असते. कुठल्या गावाला काय सोसावे लागते, हे मात्र या बैठकीतून जितके कळते तितके दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळत नाही.

परिणाम-सर्वेक्षणाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत प्रत्येक गावाला गुण दिले जातात: सुरुंग असल्यास २, न फुटलेला दारूगोळा असल्यास १, वापरता न येणाऱ्या शेत, कुरण, पाणी अशा प्रत्येक साधनासाठी साधारणपणे १ आणि मागील २४ महिन्यांतील प्रत्येक बळी वा जखमीमागे २. अकरा किंवा अधिक गुण म्हणजे तीव्र बाधित गाव. येमेनमध्ये २००० साली पूर्ण झालेल्या सर्वेक्षणात ५९२ बाधित वस्त्यांपैकी केवळ १४ या वर्गात आल्या, त्यामुळे सुरुवात कुठून करायची हे लगेच स्पष्ट झाले. मर्यादाही याच गणितात आहे. शेत, कुरण आणि पाणवठा या तिन्हींना मुकलेले, परंतु दोन वर्षांत एकही अपघात न झालेले गाव पाच गुणांवर, म्हणजे सौम्य वर्गात अडकते. तेथील लोक सुरुंगांच्या भीतीने जमीन पडीक ठेवून अर्धपोटी राहत असतील, तर त्यांची सावधगिरीच त्यांना यादीत खाली ढकलते. निधी देणाऱ्याने हा अन्याय डोळ्यांआड करू नये.

बेसलाइन सर्व्हे कंबोडियात २००९ मध्ये सुरू झाला आणि २०१२ पर्यंत १२४ जिल्ह्यांत १,९१५ चौरस किलोमीटर जमीन बाधित म्हणून नोंदली गेली. दरम्यान बरीच जमीन साफ झाली होती आणि सर्व जिल्हे यात नव्हते, त्यामुळे या आकड्याची पहिल्या आकड्याशी सरळ वजाबाकी करणे चुकीचे ठरेल. तरीही पहिल्या पाहणीत संशयित ठरलेल्या कित्येक जमिनींवर शेतकरी स्वतःच्या जबाबदारीवर नांगर चालवत होते, हे वास्तव आहे. या पद्धतीत पाहणी करणारा सुरक्षित जागी उभा राहून दिशा आणि अंतर मोजतो, अपघात नेमका कुठे झाला, सुरुंग कोणी पेरले, जमीन शेवटची कधी नांगरली, हे विचारतो आणि तुकड्याची सीमा कोपऱ्याकोपऱ्याने नोंदतो. थायलंडच्या सीमेलगत १९८०च्या दशकात घातलेल्या ‘के-५’ या सुरुंगांच्या सलग, दाट पट्ट्यासाठी ती चांगली लागू पडते. जंगलवाटांवर विखरून पेरलेल्या सुरुंगांच्या बाबतीत तिची पकड सैल होते, कारण तिथे पुरावा बहुधा अपघातानंतरच हाती येतो. म्हणूनच आखलेल्या हद्दीबाहेरही सुरुंग सापडत राहिले आणि पुन्हा पाहणी करावी लागली.

महिला व मुलांच्या माहितीबाबत दोन्ही पद्धतींत कमतरता राहू शकते. सरपण आणायला आणि गुरे चारायला जाणाऱ्यांना ज्या वाटा ठाऊक असतात, त्या गावप्रमुखाच्या बैठकीत क्वचितच निघतात. महिलांची स्वतंत्र बैठक घेण्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा.

देशाविषयी काहीच माहिती हाती नसेल आणि वर्षभरात प्राधान्यक्रम ठरवायचा असेल, तर परिणाम-सर्वेक्षणाने सुरुवात करणे योग्य आहे. मात्र त्यातील चौरस किलोमीटरचे आकडे सफाईचे उद्दिष्ट म्हणून कधीही स्वीकारू नयेत. मानवविरोधी सुरुंगांवर बंदी घालणाऱ्या ओटावा करारानुसार असे सुरुंग असलेले प्रत्येक क्षेत्र साफ झाल्याचे सांगावे लागते आणि त्यासाठी आखलेली हद्दच लागते, गुण उपयोगी पडत नाहीत. एकदाच पाहणी करता येईल इतकाच निधी असेल, तर माझा कौल बेसलाइन सर्व्हेला आहे, पण एका अटीवर: प्रत्येक तुकड्याच्या नोंदीत ती जमीन कोण वापरत होते, आता त्यांचे पोट कशावर चालते आणि साफ झाल्यावर ती कोणाच्या ताब्यात जाईल, हे तीन रकाने असलेच पाहिजेत.