इंटरफेसच्या मेथडला जादा डेटा: आठ महिने लॅम्डा वापरल्यावर

आमच्या बिलिंगच्या जावा कोडमध्ये सूट काढणारा एक इंटरफेस (क्लासने कुठल्या मेथड द्यायच्या याचा करार) आहे. त्यात एकच मेथड, आणि तिला मिळतं फक्त बिल. तो चौदा क्लासेसनी इंप्लिमेंट केलाय. मागणी आली की सूट ग्राहकाच्या प्रकारावर ठरवा. मेथडची सिग्नेचर (ती काय घेते, काय देते) बदलली तर चौदाही क्लास कंपाइल व्हायचे थांबणार, त्यातले चार दुसऱ्या टीमचे.

म्हणून आधी थ्रेडलोकल घातलं, म्हणजे प्रत्येक थ्रेडचा स्वतःचा वेगळा खिसा. रिक्वेस्ट आली की ग्राहक सेट करायचा, आत कुठूनही गेट. दोन आठवडे मी खूश. मग एका रोख बिलावर होलसेलची सूट लागली! पूलमधला थ्रेड मरत नाही, पुढच्या रिक्वेस्टला तोच येतो. खिसा रिकामा करणारं रिमूव्ह फायनलीमध्ये (एक्सेप्शन आलं तरी चालणाऱ्या ब्लॉकमध्ये) नव्हतं, त्यामुळे मध्येच एक्सेप्शन आलं की आधीचा ग्राहक थ्रेडच्या खिशात तसाच. रोख बिलाला ग्राहकच नसतो, म्हणजे तिथे नवा सेट होत नव्हता. टेस्टमध्ये हे दिसलं नाही, कारण मी प्रत्येक टेस्ट ग्राहक देऊनच लिहिलेली.

तेव्हापासून लॅम्डा, म्हणजे जागेवरच लिहिलेलं बिननावाचं फंक्शन:

(बिल) -> सवलत.काढ(बिल, ग्राहक)

(हो, जावाला देवनागरी नावं चालतात. आमच्या लीडला चालत नाहीत.) इंटरफेसला एकच आर्ग्युमेंट दिसतं, ग्राहक मात्र लॅम्डा बनतानाच आत पकडला जातो. २०१४ मध्ये जावा ८ यायच्या आधीही अनॉनिमस क्लास किंवा कन्स्ट्रक्टरने हेच करायचे, फक्त ओळी जास्त. क्रम लावणाऱ्या कंपॅरेटर इंटरफेसचंही तेच: कंपेअरला दोनच वस्तू मिळतात, पण पत्त्यापासूनच्या अंतराने दुकानं लावायची तर तो पत्ता बाहेरूनच पकडावा लागतो.

कुरबुरी आहेत. पकडलेला लोकल व्हेरिएबल पुन्हा असाइन केला की कंपायलर अडवतो. एकाने त्यावर एका घराचा अ‍ॅरे करून पळवाट काढली होती, ती रिव्ह्यूत मी उडवली. एरर आली तर स्टॅक ट्रेसमध्ये (ती कुठून आली त्या यादीत) लॅम्डा, डॉलर आणि एक आकडा. चौदातला नेमका कुठला, ते ओळ नंबरावरून शोधा. आणि सर्वात महागात पडलं ते माझंच: सर्व्हर सुरू होताना बनवलेल्या एका लॅम्डाने दरपत्रक पकडून ठेवलं होतं. दर बदलले, तो जुन्यानेच सूट देत राहिला. आता तिथे दरपत्रक पकडत नाही, ते आणून देणारा सप्लायर पकडतो.

प्रत्येक कॉलला बदलणाऱ्या डेटासाठी मात्र लॅम्डाच्या नादी लागलो नाही. इंटरफेसमध्येच बिल आणि संदर्भ घेणारी दुसरी मेथड टाकली, डिफॉल्ट म्हणून (बॉडी इंटरफेसमध्येच लिहिलेली), जी आतून जुनीलाच बोलावते. चौदा क्लास जागच्या जागी, आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट मेथड (बॉडी नसलेली) एकच उरल्यामुळे लॅम्डाही चालू.

थ्रेडलोकलला पर्याय असलेली, ठरावीक कॉलपुरतीच दिसणारी स्कोप्ड व्हॅल्यू जावा २५ मध्ये पक्की झाली, पण आम्ही २१ वर आहोत. तिथे ती प्रिव्ह्यू आहे (अजून पक्की नाही, फ्लॅग लावला तरच चालते), आणि प्रिव्ह्यूचा फ्लॅग प्रॉडक्शनला लावायला कोणी तयार नाही. थ्रेडलोकल आता लॉगमधल्या रिक्वेस्ट आयडीपुरतं उरलंय, फायनलीतल्या रिमूव्हसकट.