सवय अंगवळणी पाडायची तर: मोबाइलचं ॲप, डायरी की भिंतीवरचं कालनिर्णय?

ठाण्यात राहायचं, ट्रान्स हार्बर लोकल पकडून नवी मुंबईतल्या घणसोलीला कामाला जायचं आणि त्यातच व्यायाम, वाचन, बिलं, आईची औषधं असं सगळं मार्गी लावायचं. हे ज्यांनी मनावर घेतलंय ते बहुधा दोनच पर्यायांत अडकलेले असतात: ॲप की डायरी? मी त्यात तिसरं नाव घालते, स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं कालनिर्णय. 1973 पासून निघणाऱ्या या दिनदर्शिकेच्या चौकटींत दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख लिहिण्याची रीत आपल्याकडे आहेच. सवय लावण्यासाठी ती फार उपयोगी पडते.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. सोसायटीचा मेंटेनन्स भरणं हे काम. भरला की यादीतून गेला. रात्री जेवल्यावर वीस मिनिटं चालणं ही सवय, आज झाली तरी उद्या पुन्हा आहेच. कामाला आठवण लागते. सवयीला दिवसात एक पक्की जागा लागते. दोन्ही एकाच यादीत कोंबलं की चालणं, पाणी पिणं, वाचन हे सगळं ‘मुदत उलटलेली कामं’ म्हणून लाल अक्षरांत साचत जातं आणि दोन आठवड्यांत ती यादी उघडावीशीच वाटत नाही. ज्यांचं ॲप बंद पडलंय त्यांनी आधी हे तपासावं.

कामांसाठी मात्र मी ॲपच सांगेन. गर्दीच्या डब्यात एक हात कडीला असतो, तेव्हा दुसऱ्या हाताने ‘वीजबिल’ एवढं टाइप करता येतं, वही उघडता येत नाही. गूगल टास्क्स फुकट आहे आणि जीमेल, कॅलेंडरच्या शेजारीच बसतं. ज्यांची बहुतेक कामं मेलमधून येतात त्यांना तेवढं पुरतं. मायक्रोसॉफ्ट टू डूमधली ‘माय डे’ ही यादी रोज रात्री कोरी होते आणि कालचं राहिलेलं काम सकाळी फक्त सुचवलं जातं. कालचं ओझं आपोआप आजवर येत नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. टूडूइस्टमध्ये ‘दर तीन महिन्यांनी’ आणि ‘मागच्या वेळी केल्यापासून तीन महिन्यांनी’ असे दोन वेगळे हिशेब लावता येतात. विम्याच्या हप्त्याला पहिला हवा, पाण्याचा फिल्टर बदलायला दुसरा. नोशनमध्ये सगळंच करता येतं, पण नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी ते सुचवणार नाही. पानं सजवण्यात रविवार जातो आणि काम जागच्या जागी राहतं.

ॲप निवडताना आपली यादी बाहेर काढून घेता येते का, तेही बघा. वंडरलिस्ट हे लोकांचं लाडकं ॲप मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये विकत घेतलं आणि मे 2020 मध्ये बंद केलं. लोकांना आपल्या याद्या उचलून दुसरीकडे न्याव्या लागल्या.

सवयींच्या बाबतीत ॲप कमी पडतं, आणि त्याचं कारण आपल्या प्रवासात आहे. संध्याकाळी साडेसातला ‘फिरायला चला’ असं मोबाइल सांगतो, तेव्हा तुम्ही रबाळे आणि ऐरोलीच्या मध्ये उभे असता. बोट ते नोटिफिकेशन बाजूला सारतं. असं रोज झालं की अंगवळणी पडतं ते सारणंच. लोकलने जाणाऱ्याच्या दिवसात घड्याळाची वेळ घसरते, पण क्रम घसरत नाही: दार उघडणं, चपला काढणं, डबा घासायला टाकणं, चहा. म्हणून सवय वेळेला न बांधता या क्रमातल्या एखाद्या घटनेला बांधावी. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1999 च्या लेखात ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ अशा नेमक्या ठरावाचं महत्त्व मांडलं होतं. ‘डबा टाकला की बूट घालून खाली उतरायचं’ हा त्याचा आपला अवतार. त्याला अलार्म लागत नाही.

आता डायरी. अमेरिकेतला डिझायनर रायडर कॅरोल याने 2013 मध्ये बुलेट जर्नल ही पद्धत लोकांसमोर ठेवली. तिचा गाभा असा, की महिना संपला की राहिलेली कामं नव्या पानावर पुन्हा हाताने लिहायची. तेच काम तिसऱ्यांदा लिहिताना हात थांबतो आणि ते खरंच करायचंय का हे कळतं. ॲपमध्ये जुनं काम वर्षभर निमूट पडून राहतं. ज्यांच्या डोक्यात विचारांची गर्दी असते, ज्यांना काय सोडून द्यायचं हेच उमजत नाही, त्यांनी डायरीच घ्यावी. पण ती आठवण करून देत नाही, पावसाळ्यात बॅगेत भिजते आणि घरी विसरली तर दिवस कोरा जातो.

कालनिर्णयावर सवयीची फक्त एक खूण करायची. निळं पेन दोरीने तिथेच अडकवून ठेवायचं. जिथे सवय घडते तिथेच कालनिर्णय टांगलेलं असतं, अनलॉक करावं लागत नाही आणि घरातले सगळे बघतात. मुलगी विचारते, ‘आई, आज खूण नाही केलीस?’ हा रिमाइंडर बाजूला सारता येत नाही. एकाच वेळी दोन-तीन सवयींपेक्षा जास्त मात्र त्या चौकटीत मावत नाहीत, आणि मला ते बरंच वाटतं.

किती दिवस खुणा करायच्या? 21 दिवस हा आकडा अमेरिकी प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांच्या 1960 च्या निरीक्षणातून पसरला. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एवढे दिवस लागतात, असं ते म्हणाले होते. त्याचा रोजच्या व्यायामाशी संबंध नव्हता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना 12 आठवडे पाहिलं. 2009 मध्ये आलेल्या त्या अभ्यासात सवय मुरायला साधारण 66 दिवस लागले. माणसामाणसांतला फरक, 12 आठवड्यांपुढचा अंदाज धरून, 18 ते 254 दिवस इतका मोठा होता. एखादा खाडा पडल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. दिवसांची अखंड साखळी मोजणारी ॲप्स मला म्हणूनच खटकतात. एक दिवस ताप आला की आकडा शून्यावर, आणि माणूस सगळंच सोडून देतो.

महाप्याला शिफ्टमध्ये काम करणारे, कोपरखैरण्यात पीजीत राहणारे यांच्यासाठी माझा सल्ला वेगळा आहे. भिंत आपली नाही आणि दिवसाचा क्रमही दर आठवड्याला बदलतो. त्यांनी अँड्रॉइडवरचं लूप हॅबिट ट्रॅकर वापरावं. ते फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि एका खाड्याने त्यात सवयीला मिळालेला गुण कोसळत नाही, थोडासाच उतरतो. सवय बांधायची ती झोपून उठल्यानंतरच्या पहिल्या गोष्टीला, मग ती सकाळ असो की दुपार.

घरून काम करणारे किंवा घर सांभाळणारे यांना कामांसाठी डायरी आणि सवयींसाठी कालनिर्णय पुरेल. रोज लोकल पकडणाऱ्यांनी कामं ॲपमध्ये आणि सवयी भिंतीवर ठेवाव्यात. ॲपमधल्या सवयींच्या सगळ्या नोंदी आजच काढून टाका.

महिना संपल्यावर पान उलटण्याआधी खाडे कुठे आहेत ते बघा. विखुरलेले असतील तर चालू द्या. दर मंगळवारी-गुरुवारी पडत असतील तर त्या दिवशी घरी यायला उशीर होतो का, मुलांचा क्लास असतो का ते शोधा, आणि तेवढ्या दोन दिवसांपुरती ती सवय सकाळच्या चहाला बांधा.