इशापूरची जुनी .३१५ रायफल: घेण्याआधी काय बघायचं

थ्री नॉट थ्रीची हौस साताऱ्याकडे, त्यातही अपशिंगे मिलिटरीसारख्या फौजी गावांत, फार. पण ते बोअर प्रतिबंधित, साध्या परवान्यावर मिळत नाही. त्याच जातकुळीतली, परवान्यावर बसणारी रायफल म्हणजे इशापूरच्या (पश्चिम बंगालमधल्या) सरकारी कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग. थ्री नॉट थ्रीचा, म्हणजे ली-एन्फील्डचाच बोल्ट (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा दांडा), पुढे ढकलताना स्प्रिंग ताणणारा. मॅगझीन ५ गोळ्यांचं.

जुन्या नगात लोखंड सहसा दगा देत नाही, दगा देतं लाकूड आणि नळीचं तोंड. तोंडाशी बॅटरी धरून आटे, म्हणजे नळीतल्या पिळाच्या खाचा, बघा. वर्षानुवर्षं फुलतरू (नळी पुसायची, चिंदी बांधलेली दोरी) तिरकं ओढलं असेल तर दोरीने एका बाजूची कड घासलेली दिसते. अशी नळी आतून आरशासारखी असली तरी गोळ्या एका जागी पडणार नाहीत. मग बोल्टवरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळवा. जुळत नसेल तर बोल्ट बदललेला आहे. हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतुसाचं बूड यांतली फट, गेजने तपासून घेतल्याशिवाय त्यातून एकही गोळी झाडू नये. फट जास्त असली की काडतुसाचं पितळ बुडाशी फाटतं.

दस्ता हलतो म्हणून आधी दस्त्यातून जाणारा मागचा लांब बोल्ट (हा दस्ता आवळणारा स्क्रू, वरचा बोल्ट नव्हे) पिळायला जाऊ नका. सैनिकी ली-एन्फील्डमध्ये त्याचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पिळलं की लाकूड उभं चिरतं. आधी पुढचं लाकूड उतरवायचं, मग दस्ता. हातोडीवाल्या 'मिस्त्री'ने चिरलेली लाकडं ओळखायची सोपी खूण म्हणजे चाप-गार्डच्या मागची फेव्हिकॉलची रेघ.

मॅगझीन भरताना वरच्या गोळीच्या बुडाची कड खालच्या गोळीच्या कडेपुढे हवी. उलटी बसली की दुसरीच गोळी अडकते आणि दोष बिचाऱ्या स्प्रिंगला.

जुन्या काडतुसाच्या टोपीत (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या प्रायमरमध्ये) क्लोरेट असेल तर झाडल्यावर नळीत क्षार उरतो. तो तेलाने जात नाही, पाण्याने जातो. उकळतं पाणी ओतायचं, कोरडी चिंदी फिरवायची, मग तेल. जावळी-पाटणच्या पावसात हे दुसऱ्या दिवसावर ढकललं तर नळी तांबडी. चामड्याच्या म्यानात ठेवणं तर त्याहून वाईट, चामडं ओल धरतं.

कागद: आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांचा परवाना, मग सौदा. विकणाऱ्याने लेखी कळवल्यावर ४५ दिवस थांबावं लागतं, त्यामुळे विसार देताना मुदत धरूनच बोला. एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं. निवडणुकीत ठाण्यात जमा करायची वेळ आली तर बोल्ट-नळीला जाड तेल लावूनच द्या, आणि पावतीवर नंबर वाचून घ्या.

उसाच्या फडाची राखण एवढंच काम असेल तर मात्र ही घेऊ नका. रायफलची गोळी कित्येक फर्लांग पलीकडच्या वस्तीपर्यंत जाते. त्या कामाला बारा बोअर बरी.