ईको कार्गो, छोटा हत्ती की पिकअप? कोल्हापुरात धंद्याला गाडी घेताना

धंद्याला गाडी घ्यायची ठरली की लोक पहिल्यांदा किंमत विचारतात, मग ॲव्हरेज. विचारायलाच हवं. पण माल वाटणाऱ्या माणसाचा खरा खर्च गाडी उभी राहिली की सुरू होतो. त्या दिवशी दुसऱ्याचा टेम्पो भाड्यानं घ्यायचा, ड्रायव्हर बसून, गिऱ्हाईक तोंड वाकडं करतंय, आणि बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून इथं गाड्या मी एकाच काट्यावर तोलतोय: काय बिघडतं, ते कुणाला कळतं आणि संध्याकाळपर्यंत गाडी परत लाइनला, म्हणजे माल वाटायच्या फेरीला, लागते का.

समोर तीन पर्याय धरू. मारुतीची ईको कार्गो, म्हणजे बंद व्हॅन, पेट्रोल किंवा पेट्रोल-सीएनजी. दुसरी छोट्या टेम्पोची जात: टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, आणि तिच्याच मापाची मारुती सुपर कॅरी. तिसरी महिंद्राची डिझेल बोलेरो पिकअप.

आधी माल, मग गाडी

गांधीनगरातून कपडा उचलणारा, औषधांची एजन्सी असणारा, बेकरी किंवा फरसाण टाकणारा, यांनी उघडी गाडी घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ताडपत्री बांधायची, दुकानापाशी सोडायची, परत बांधायची, यातच दिवस जातो. शिवाय कोपऱ्यातून पाणी शिरतंच, आणि भिजलेलं पुडकं कुणी परत घेत नाही. महाद्वार रोडला किंवा गुजरीच्या गर्दीत ईकोच्या सरकत्या दाराची किंमत कळते. दार बाहेर उघडत नाही, त्यामुळं भिंतीला चिकटून गाडी लावली तरी माल काढता येतो.

याच दाराची एक खोड आहे. खालच्या पट्टीत पीठ, धूळ आणि ग्रीस मिळून काळा लगदा होतो. रोलर अडकतो, ड्रायव्हर दार आदळायला लागतो आणि काही महिन्यांत रोलरचा कंसच वाकतो. पट्टीत ग्रीस थापू नका. आठवड्याला कोरड्या ब्रशनं साफ करा आणि वंगण नावापुरतं द्या. फुकटचं काम आहे, म्हणूनच कुणी करत नाही.

उद्यमनगरात मशीनशॉप आहे आणि शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून कास्टिंग आणायचं आहे, तर ईकोचा विचार सोडा. कास्टिंग हौद्यातच जातं. फाळका पाडला की बाजूनं, मागून, वरून, कसाही माल चढवता येतो. बंद व्हॅनच्या पत्र्यावर तेच कास्टिंग घसरलं तर पहिल्या पावसाळ्यापर्यंत फरशीला गंज धरतो.

वजनाचे आकडे असे. ईको कार्गोत साधारण पाच क्विंटल धरावेत. एस गोल्ड पेट्रोल ७५० किलो. सुपर कॅरी पेट्रोलवर ७४० आणि सीएनजीत ६२५ किलो. पिकअप १.३ ते १.७ टन. सुपर कॅरीतला ११५ किलोचा फरक नीट बघा. गॅसची टाकी आणि तिचा सांगाडा तेवढं वजन खातो. गुळाच्या हिशेबात सांगायचं तर तीस किलोचे जवळजवळ चार रवे प्रत्येक फेरीला कमी. मार्केट यार्डात भाडं मारणाऱ्यानं गॅसची बचत मोजताना हे वजा करावं.

“सगळेच जास्त भरतात की” हे उत्तर मला माहीत आहे. मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० वेगळे. दंड चुकवता येईल, स्प्रिंगचा पाटा तुटायचा चुकत नाही. एसची चाकं १२ इंची, ईकोची १३ इंची. आपल्याकडच्या खड्ड्यांत हा एक इंच जाणवतो, आणि लोड जास्त असेल तर पहिला मार टायरच्या कडेला आणि मेन पाट्याला बसतो.

बिघाड: गॅसच्या गाडीची एक सोय

इथं सीएनजी-पेट्रोल गाडी सरस ठरते, आणि कारण बचतीचं नाही. उद्यमनगरातल्या एका मेकॅनिकनं एकाच वाक्यात सांगितलं होतं: “मालक, गॅसवर झटके देत्या न्हवं? मग बटण दाबून पेट्रोलवर चालवून बघा की. तिथं पण तसंच करत असंल तर गॅसवाल्याकडं जाऊच नका.” दोन इंधनांची गाडी स्वतःची तपासणी स्वतःच करते. दोन्हीवर अडखळली तर प्लग, कॉइल, एअर फिल्टर किंवा सेन्सर बघायचा. फक्त गॅसवर अडखळली तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर, गॅसचे इंजेक्टर. फक्त पेट्रोलवर अडखळली तर पंप नाहीतर इंजेक्टर. अर्धं निदान रस्त्याच्या कडेला, स्कॅनर न लावता होतं.

प्लगचं मात्र लक्षात ठेवा. गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोराची लागते, त्यामुळं झिजलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो आणि गॅसवर आधी रडतो. म्हणून वरची परीक्षा करतानाही प्लग जुने असतील तर पहिल्यांदा तेच बदला. स्वस्तात सुटलात तर सुटलात.

रेग्युलेटर गारठणं हा दुसरा प्रकार. टाकीत गॅस २०० बारच्या आसपास दाबानं असतो आणि दाब उतरताना थंडी तयार होते. ती घालवायला इंजिनचं गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) रेग्युलेटरमधून फिरवलेलं असतं. कूलंट कमी झालं की रेग्युलेटर गार पडतो आणि गाडी दम सोडते. लोक गॅसमध्ये दोष शोधत बसतात, कमी असतं ते बाटलीतलं कूलंट.

तिसरी खोड मालकाची, गाडीची नव्हे. पेट्रोल महाग म्हणून काटा कायम लाल रेघेवर. पेट्रोलचा पंप टाकीत पेट्रोलमध्येच बुडून थंड राहतो. कोरडा चालला की जळतो. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्याच पट्ट्यातल्या उसाचं असेल कदाचित, आणि इथेनॉल ओलावा धरून ठेवतं. महिनोन् महिने तेच पेट्रोल पडून राहिलं की इंजेक्टर चोंदतात. पाव टाकी पेट्रोल ठेवा आणि रोज थोडं अंतर त्यावर चालवा. जुनी, एप्रिल २०२३ च्या आधीची, म्हणजे या पेट्रोलचा विचार करून कदाचित न बनवलेली गाडी घेत असाल तर इंधनाचे रबरी पाइप हातानं दाबून बघा. फुगलेले किंवा तडकलेले दिसले तर लगेच बदलायचे.

गॅसचा वास आला तर शोधत बसू नका. गाडी बंद, दारं उघडी, टाकीवरचा व्हॉल्व्ह हातानं बंद, आणि कुठलंही बटण दाबायचं नाही.

ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. पाऊस असला तरी मेकॅनिक आत बसून काम करू शकतो, ही चांगली बाजू. उन्हाळ्यात ड्रायव्हरच्या बुडाखाली चूल पेटते, ही दुसरी. सुपर कॅरीतही मारुतीचंच १.२ लिटरचं चार सिलिंडर इंजिन असल्यानं सुटे भाग आणि जाणकार मेकॅनिक दोन्हीला सहज मिळतात. फरक टाकीत आहे. सुपर कॅरीच्या सीएनजी गाडीत पेट्रोलची टाकी फक्त ५ लिटरची, म्हणजे पुढच्या पंपापर्यंत रखडत पोचण्यापुरती. ईकोत पूर्ण टाकी. पंपावर रांग मोठी असली किंवा गॅसचा दाबच नसला, तर ईकोवाला पेट्रोलवर लाइन पुरी करून येतो.

डिझेलचं वेगळं दुखणं

पिकअपचा जोर आणि वजन उचलायची ताकद यावर वाद नाही. प्रश्न आहे तो कुठं चालवणार हा. धुराचे बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० ला आले आणि डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी आली, डीपीएफ. ही जाळी इंजिन तापून एका लयीत चाललं तरच स्वतःला जाळून साफ करते. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी असं दिवसभर दहा मिनिटं चाल आणि वीस मिनिटं थांब असेल, तर ती तुंबणारच. दिवा लागला की गाडी महामार्गाला काढा आणि किणी टोलनाक्याच्या दिशेनं १५-२० मिनिटं एका वेगानं चालवा. बहुतेक वेळा दिवा जातो. दुर्लक्ष केलंत तर गाडी ताकद कापते आणि मग लॅपटॉपवाल्याशिवाय इलाज नाही.

दुसरं, फिल्टरमधलं पाणी. पावसाळ्यात पाण्याचा दिवा लागला की फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी सोडायचं. ड्रायव्हरला हे पहिल्याच दिवशी शिकवा. डिझेल पूर्ण संपू देऊ नका. लाइनमध्ये हवा धरली की सेल्फ मारून मारून बॅटरी बसते आणि गाडी तरी सुरू होत नाही.

जुन्या, बीएस-६ आधीच्या दोन सिलिंडरच्या डिझेल एसचं कौतुक इथंच करायला हवं. २००५ साली ७०२ सीसीचं, १६ अश्वशक्तीचं इंजिन घेऊन ती आली. त्यात इलेक्ट्रॉनिक्स फार थोडं, त्यामुळं कागल असो की गारगोटी, कुठलाही मिस्त्री कानानं ओळखतो. आवाज आणि हादरे सोसायची तयारी असेल आणि रोजचं अंतर कमी असेल, तर आजही ती कमी पैशात पोट भरते.

घाट असेल तर

माल कोकणात जात असेल, करूळ घाटानं वैभववाडीला किंवा आंबा घाटानं रत्नागिरीकडं, तर पिकअप घ्या. त्यात फार डोकं चालवायला नको. ईको सीएनजीची ताकद ७१.६५ पीएस (अश्वशक्तीसारखंच माप) आणि पेट्रोलवर ८०.७६ पीएस आहे. भरलेल्या गाडीला हा फरक चढावर कळतो, म्हणून घाट लागायच्या आधीच पेट्रोलवर घ्यायची. क्लच अर्धा दाबून वळणं काढायची सवय असलेला ड्रायव्हर कुठल्याही गाडीची प्लेट जाळतो. वास आला की थांबा, क्लच थंड होऊ द्या.

कागद

एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. ईको, एस, सुपर कॅरी आरामात आत बसतात. १.७ टनाची पिकअप बाहेर जाते, त्यामुळं आरसी वाचूनच सौदा करा. साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला पक्कं केलं. पासिंग, म्हणजे गाडी चालवण्यालायक असल्याची तपासणी, पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. गॅसच्या टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी, ती वेगळी.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जीएसटी नोंदणी असेल तर तोही क्रेडिट म्हणून मिळतो. पांढऱ्या पाटीची खासगी ईको घेऊन सीट काढायचे आणि माल भरायचा, हा आपल्याकडचा लाडका जुगाड. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.

इलेक्ट्रिकबद्दल थोडक्यात: अंतर ठरलेलं, रात्री गाडी आपल्याच आवारात आणि तिथं वीज पक्की असेल, तर एस ईव्हीसारख्या गाडीची चाचणी जरूर घ्या. डीपीएफ नाही, प्लग नाही, क्लच नाही. पण बॅटरी किंवा कंट्रोलरचं काही निघालं तर शेजारच्या गॅरेजचा उपयोग नाही, आणि हे माझ्या काट्यावर सध्या जड पडतं.

जुनी घेत असाल तर

२०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं होतं. त्या पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून विकल्या गेल्या असणार, म्हणून २०२१ च्या पुराआधीची कुठलीही गाडी या नजरेनं बघावी. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. तळाच्या भागावर मातीची रेघ असेल तर पुढं बोलूच नका. सीटच्या रुळाखाली बोट फिरवा. डॅशबोर्डखालचा एखादा कनेक्टर सोडवून बघा, आत हिरवट बुरशीसारखा थर म्हणजे पाणी शिरलेलं. ईको असेल तर सीट उचलून इंजिनच्या कोपऱ्यांत साठलेला गाळ बघा. तो फवाऱ्यानं निघत नाही.

गॅसची गाडी असेल तर टाकीवरच्या पाटीची चाचणीची तारीख स्वतः वाचा, विक्रेत्याच्या तोंडून ऐकू नका. गाडी सकाळी गार असताना, तुमच्या समोर पहिल्यांदा सुरू करायला लावा. आधीच तापवून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय इसाराच्या पुढं एक रुपया देऊ नका.