मायक्रो-सीटी: ब्लॉक न कापता आत पाहताना (काही महिन्यांच्या वापरानंतर)

सांगली-मिरजेबरोबर कर्नाटकातूनही आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ऊतींचे नमुने येतात. त्यांत मला सर्वांत जास्त काळजीत टाकतात त्या थायरॉइडच्या फॉलिक्युलर गाठी. अशी गाठ साधी की कर्करोगाची, हे पेशी पाहून ठरत नाही. तिने कॅप्सूल (गाठीभोवतीचं आवरण) भेदली आहे का, ती रक्तवाहिनीत शिरली आहे का, यावर ठरतं. मायक्रोटोमचा (ऊतीचे पातळ काप करणाऱ्या यंत्राचा) काप ३ ते ५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ब्लॉक (मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा) मात्र काही मिलिमीटर जाड. भेदलेली जागा काप न घेतलेल्या भागात राहिली, तर रुग्णाचं निदानच चुकतं.

या एका प्रश्नासाठी मायक्रो-सीटी मला मोलाचं वाटतं. मेणातला ब्लॉक तसाच यंत्रात ठेवायचा. तो फिरताना एक्स-रे प्रतिमा घेतल्या जातात आणि संगणक त्यांतून त्रिमितीय चित्र उभं करतो. कॅप्सूल चहूबाजूंनी पाहायची, शंका येईल ती खोली टेक्निशियनला सांगायची आणि काप तिथलाच घ्यायचा. पूर्वी आम्ही अंदाजाने खोल खोल जात होतो, आणि ब्लॉक संपत जायचा.

बिनरंगाच्या ब्लॉकमध्ये चित्र फिकं येतं, कारण मऊ ऊती एक्स-रे फारसे अडवत नाहीत. फॉर्मालिनमधला (ऊती टिकवणाऱ्या द्रावणातला) नमुना ल्युगोलच्या आयोडीनमध्ये (आयोडीनच्या द्रावणात) ठेवला की खूप फरक पडतो; आयोडीनचा अणुक्रमांक ५३, त्यामुळे ते किरण चांगले शोषतं. पण मोठ्या तुकड्यात ते हळूहळू झिरपतं, आणि द्रावण तीव्र असेल तर ऊती आकसतात. म्हणून अशा चित्रावर मार्जिनचं (गाठीपासून नमुन्याच्या कापलेल्या कडेपर्यंतचं) अंतर मोजून रिपोर्टमध्ये लिहू नका. सोडियम थायोसल्फेटने आयोडीन निघून जातं, नंतरचं एच अँड ई (स्लाइडचं नेहमीचं रंगकाम) आम्हाला नीट मिळालं. इम्युनोची (अँटिबॉडी वापरून पेशीतली प्रथिनं ओळखणाऱ्या तपासणीची) खात्री मात्र आपापल्या लॅबमध्ये आधी करून घ्यावी.

पेशीचं केंद्रक इथे दिसत नाही. दोन सेंटिमीटरचा तुकडा आणि दोन हजार पिक्सेलचा डिटेक्टर म्हटलं की एक व्हॉक्सेल (त्रिमितीय चित्राचा एक ठिपका) १० मायक्रॉनचा, केंद्रकही साधारण तेवढंच. पॅपिलरीचं (थायरॉइडच्या दुसऱ्या एका कर्करोगाचं) निदान केंद्रकावर उभं असतं, त्यामुळे ते स्लाइडवरच करायचं. शिवाय अशा एका स्कॅनची फाइल सहज १६ जीबीची होते, आणि मधेच वीज गेली तर सगळं पुन्हा, यूपीएस हवाच. छोट्या लॅबने एकटीने यंत्र घेऊ नये, चार जणांनी मिळून वापरावं.

स्तनाच्या नमुन्यात खुणेसाठी बसवलेली धातूची क्लिप राहिली तर चित्रात पांढरे पट्टे उमटतात. आम्ही ती आता ग्रॉसिंगच्या (नमुना पाहून त्याचे तुकडे घेण्याच्या) टेबलावरच काढतो आणि जागा शाईने खुणावून ठेवतो.